सबर म्हणजे दुखणे लपवणे नव्हे : गावाकडच्या बायका, ताण आणि हृदयविकार

हृदयविकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, धंद्याच्या नाहीतर नोकरीच्या काळजीत बुडालेला, सिगारेट ओढणारा. त्याच्या छातीत कळ आली की घर जागे होते, गाडी काढली जाते, पैसे गोळा होतात. घरातल्या बाईला मात्र 'गॅस' होतो, 'कमजोरी' येते, 'टेन्शन' येते. तिने हात छातीवर ठेवला तर सोड्याचे पाणी दिले जाते आणि थोडा वेळ पडून राहायला सांगितले जाते. तो थोडा वेळही तिला क्वचितच मिळतो.

हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे जगभरात स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. भारतही त्याला अपवाद नाही. आणि हा आजार आता शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांमधल्या दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर पक्षाघात निघाला. दर सात मृत्यूंमागे एक. जंगलातल्या, कष्टकरी, बारीक अंगाच्या माणसांच्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. पक्षाघात आणि हृदयविकार हे सख्खे भाऊच, दोघांचे मूळ रक्तवाहिन्यांत आणि वाढलेल्या रक्तदाबात.

पनवेल तालुक्यातल्या गावांतून, मोहल्ल्यांतून फिरताना आम्ही या विषयावर बायकांशी बोललो. 'तुम्हाला काय होते?' असे विचारले की उत्तर ठरलेले, 'काही नाही, बरी आहे.' थोडा वेळ बसलो, चहा झाला, की मग एकेक गोष्ट बाहेर येते. रात्री झोप लागत नाही. जिना चढताना दम लागतो. डावा खांदा भरून येतो. छातीत धडधड होते. 'डॉक्टरला दाखवले का?' यावर हसून, 'एवढ्याशासाठी कोण जाणार?'

पनवेलच्या बाईवरचे ओझे

पनवेल हे आता नावालाच गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. त्यानंतर विमानतळासाठी पनवेलजवळची दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले.

या बदलाने अनेकांना पैसा दिला, हे खरे. पण जमीन गेली तेव्हा बाईचे काय गेले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. भातशेतीत ती राबत होती, पण सातबाऱ्यावर तिचे नाव सहसा नव्हते. बांधावरची भाजी, अंगणातल्या कोंबड्या, खाडीतली मासळी, यातून तिच्या हातात स्वतःचे चार पैसे येत. मोबदला आला तो पुरुषांच्या खात्यात. त्यातून घर झाले, गाडी झाली, कुठे लग्ने झाली. पैसे संपले तेव्हा घर चालवायची जबाबदारी पुन्हा तिच्याकडे आली. आज आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी बायका सकाळी खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत धुणीभांडी करायला जातात. पहाटे स्वतःच्या घरचे आवरायचे, दिवसभर दुसऱ्यांचे, आणि संध्याकाळी परत स्वतःचे. डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांतल्या बायकांना यात पाण्याची आणि सरपणाची पायपीट वाढीव.

आपल्या कोकणी मुस्लिम घरांची तऱ्हा आणखी वेगळी. पूर्वी पुरुष बोटीवर जात, १९७० नंतर आखातात जाऊ लागले. दोन-दोन वर्षे नवरा परदेशी, आणि घरात सासू-सासरे, मुलांची शाळा, बँक, लाइटबिल, नणंदेचे लग्न, सगळे एकटीने. बाहेरून पाहणाऱ्याला पक्के घर आणि फ्रीज दिसतो. फोनवर 'इथे सगळे ठीक आहे' असे सांगून रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेली बाई दिसत नाही. कफील बदलला, पगार थकला, नवऱ्याची नोकरी गेली की पहिला ठोका तिच्या छातीत पडतो. त्यात बचतगटाचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असेल तर हप्त्याचा दिवस जवळ आला की भाकरी घशाखाली उतरत नाही, असे एका भाभींनी आम्हाला सांगितले. त्यांचा रक्तदाब त्याच आठवड्यात वाढलेला निघाला होता.

देशभराचे आकडेही हेच बोलतात. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष तरी किती? चारांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धावावे लागते. बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा फक्त ४२ टक्के स्त्रियांना होती. आणि लग्न झालेल्या दहापैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून कधी ना कधी छळ सोसला होता.

मनाचा ताण हृदयापर्यंत कसा पोचतो?

'ताणाने कुणी मरते का?' असे आपण सहज म्हणतो. शरीर काय करते ते पाहू. भीती वाटली, राग आला, काळजी लागली की शरीरात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जोरात चालते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. समोर साप आला तर पळायला हे उपयोगी आहे. पण साप निघून जातो. दारुडा नवरा, थकलेला हप्ता, रोजचा टोमणा हे जात नाहीत. मग चढलेला रक्तदाब उतरायचे विसरतो, पोटावर चरबी साठते, झोप मोडते, रक्त गुठळी धरण्याकडे झुकते. वर्षानुवर्षे हे चालले की हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून इजा होत राहते.

२००४ साली 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह ५२ देशांतले सुमारे १५ हजार हृदयविकाराचे रुग्ण आणि जवळजवळ तितकेच निरोगी लोक त्यात होते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, आहार, व्यायाम, मद्य आणि मानसिक-सामाजिक ताण या नऊ गोष्टींतूनच हृदयविकाराच्या झटक्याचा बहुतांश धोका समजतो, असे त्यातून दिसले. म्हणजे ताण हा 'मनाचा खेळ' नसून रक्तदाब-मधुमेहाच्याच रांगेत बसणारा धोका आहे. आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातले.

इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांवर झालेले 'व्हाइटहॉल' अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतात. वरच्या साहेबाला ताण जास्त, म्हणून हृदयविकार जास्त, असे लोकांना वाटे. निघाले उलटेच. सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्या माणसांत हृदयविकाराचे मृत्यू कितीतरी जास्त होते. काम भरपूर आणि निर्णयाचा अधिकार काहीच नाही, ही स्थिती हृदयाला जाचते. वाचक भगिनींनो, हे वाचून तुम्हाला कुणाची आठवण झाली? नव्याने घरात आलेल्या सुनेची झाली असेल तर नवल नाही. सकाळपासून काम तिचे, पण आज काय शिजवायचे, माहेरी कधी जायचे, दवाखान्यात जायचे की नाही, हे ठरवणार दुसरेच.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तिथला २००७ सालचा एक निष्कर्ष आम्हाला विशेष वाटला. नवऱ्याशी मतभेद झाला की मनातले गिळून गप्प बसणाऱ्या बायकांमध्ये, बोलून मोकळ्या होणाऱ्या बायकांपेक्षा, पुढच्या दहा वर्षांत मृत्यूचा धोका चौपट दिसला. हे सगळे मृत्यू हृदयाचेच होते असे नाही, आणि एका अभ्यासावरून कायदा ठरत नाही. पण ज्या समाजात 'मुलगी गरीब आहे, उलटून बोलत नाही' ही निकाहाच्या वेळची सर्वांत मोठी शिफारस असते, त्या समाजाने यावर थोडा विचार करावा.

काळजाला बसलेल्या एकाएकी धक्क्याचेही वैद्यकात नाव आहे. जोडीदाराचा मृत्यू, मुलाचा अपघात अशा बातमीनंतर काही जणींच्या हृदयाचा स्नायू अचानक अशक्त होतो आणि डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हे ओळखले. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा आकार दिसतो म्हणून त्यांनी त्याला 'ताकोत्सुबो' म्हटले. याचे बहुतेक रुग्ण म्हणजे पाळी गेलेल्या स्त्रिया. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून नवी विधवा झालेल्या बाईला दम लागला, छातीत दुखले, तर 'दुःखाने होते' म्हणून सोडून देऊ नका. इद्दतीत असली तरी उपचारासाठी बाहेर पडायला हरकत नाही.

ताटातले आणि चुलीवरचे धोके

ताण एकटा येत नाही, बरोबर वाईट सवयी आणतो. आपल्याकडच्या तीन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात.

पहिली मशेरी. भाजलेली तंबाखू दाताला घासायची ही सवय कोकणात अनेक घरांत सासूकडून सुनेकडे आली आहे. 'मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते,' असे बायका सांगतात. पण ती तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. ताणाच्या क्षणी मशेरीची डबी हातात येते, म्हणूनच ती सुटत नाही.

दुसरी मीठ. सुकट, बोंबील, खारवलेली मासळी, पापड, लोणचे यांशिवाय आपली भाकरी सरत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही आले. सुकट शिजवण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुतली आणि कालवणात वेगळे मीठ टाकले नाही, तरी मोठा फरक पडतो. शिवाय घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात मासळीची तुकडी उरत नाही. उरतो तो रस्सा, भात आणि लोणचे.

तिसरी चूल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी आला, पण सिलिंडर महाग पडतो म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. तो धूर फुफ्फुसांइतकाच हृदयालाही घातक आहे.

ज्या बहिणींना बाळंतपणात रक्तदाब वाढला होता किंवा साखर निघाली होती, त्यांनी हे कायम लक्षात ठेवावे. बाळंतपण झाले, सगळे ठीक झाले, असे समजून आपण ती फाइल टाकून देतो. पण अशा स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. दरवर्षी तपासणी हवी. पाळी गेल्यावर तर सगळ्याच जणींनी सावध राहावे.

लक्षणे : बाईची आणि पुरुषाची

झटका आला की स्त्रियांनाही बहुतेक वेळा छातीतच दुखते किंवा दाबल्यासारखे वाटते. पण त्यासोबत, किंवा कधी त्याऐवजी, ही लक्षणे पुरुषांपेक्षा त्यांच्यात जास्त दिसतात :

• काही न करता दम लागणे
• जबडा, मान, पाठ, खांदा किंवा हात दुखणे
• मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ
• दरदरून थंड घाम
• कधी नव्हे इतका थकवा, चक्कर

यातले काही अचानक सुरू झाले आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही, तर सोडा पाजत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. बाईला चालत नेऊ नका. रक्तवाहिनी बंद पडल्यापासून पहिले काही तास हृदयाचा स्नायू वाचवता येतो. पुढचा प्रत्येक तास नुकसानीचा.

पनवेलसारख्या ठिकाणी हे अवघड नसावे. तालुक्यातून द्रुतगती मार्ग जातो, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. तरीही बायका उशिरा पोचतात. कारण आधी सासूला सांगायचे, मग दिराची वाट पाहायची, मग परदेशात फोन लावायचा, मग मुलांना कुणाकडे ठेवायचे ते ठरवायचे. उंबरठा ओलांडायलाच दोन तास जातात. म्हणून आमची विनंती आहे की हा निर्णय आजच, सगळे बरे असताना, घरात बसून घ्या : दुखले तर कुणाचीही परवानगी न विचारता निघायचे. आखातात असलेल्या भावांनी तर पुढच्याच फोनवर हे शब्द स्वतःच्या तोंडाने बायकोला आणि आईला सांगावेत.

आपल्या हाताशी काय आहे

सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी मोफत होते. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, व्यायाम, घरातला आजार यांसोबत त्या कमरेचा घेरही विचारतात. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की धोक्याचे गुण लागायला सुरुवात होते. आशाताईला दारातूनच परत पाठवू नका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा निघाला तर गोळी सुरू करावी लागते, आणि बरे वाटले म्हणून ती स्वतःहून बंद करायची नसते. गोळीमुळेच बरे वाटत असते.

झटका आला, अँजिओप्लास्टी करावी लागली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात उपचाराचा खर्च मिळू शकतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवा. मनावरचा ताण असह्य झाला तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. न्यायालयात जावे लागले तर उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

रमजानमध्ये घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी झोपणारी बाईच असते. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर आजाऱ्याला दिलेली सवलत अल्लाहचीच आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

सबर म्हणजे काय?

बोलता बोलता अनेक बहिणी म्हणाल्या, 'सबर करायचा, दुसरे काय?' सबर मोठी गोष्ट आहे. पण हजरत अय्यूब (अलै.) यांचे नाव आपण सबरचे उदाहरण म्हणून घेतो, त्यांनीही आपली वेदना लपवली नाही, रबपुढे ती मांडली. पैगंबरांनी (सल्ल.) आजारावर उपचार घ्यायला सांगितले आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार पैगंबर घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावत. आपण सबर बाईच्या पदरात टाकला आणि हातभाराची सुन्नत मात्र विसरलो.

मेहर, वारसाहक्क, स्वतःच्या मालमत्तेवर स्वतःचा अधिकार या गोष्टी शरीयतने स्त्रीला दिल्या आहेत. जमिनीचा मोबदला वाटताना बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ तिच्याकडून नुसती जमीन घेत नाहीत. अडीअडचणीत कुणापुढे हात न पसरता दवाखान्यात जाण्याची तिची ताकदही घेतात.

मोठमोठ्या योजनांची वाट न पाहता या महिन्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात. घरातल्या तिशीवरच्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब मोजून तो आकडा कॅलेंडरवर लिहावा. रोज अर्धा तास तिला तिचा म्हणून द्यावा, मग ती चालायला जाईल, शेजारणीशी बोलत बसेल किंवा नुसती पडून राहील. त्या वेळात भांडी कुणी घासायची ते पुरुषांनी ठरवावे. आणि जेवायला सगळ्यांनी एका दस्तरखानावर, एका वेळी बसावे, म्हणजे मासळीची तुकडी तिच्याही वाट्याला येईल.

आणि पुढच्या वेळी आई, बहीण, सून किंवा बायको म्हणाली, 'काही नाही, बरी आहे,' तर तेवढ्यावर उठू नका. जरा वेळ तिच्याजवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.